ओळीत उभे केलेले वीरगळ : जुन्नर तालुक्यातील एका गावाचे प्रकरण

पार्श्वभूमी

जुन्नर तालुक्यात जुने काही पाहायचे म्हटले की लोक शिवनेरी आणि लेण्याद्री गाठतात, आणि त्यात चूक काहीच नाही. शहराभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक शैलगृहे आहेत. तुळजा लेण्यात बारा अष्टकोनी खांबांचे वर्तुळाकार चैत्यगृह (बौद्ध प्रार्थनागृह) आहे, मानमोडीच्या डोंगरात शक राजा महाक्षत्रप नहपानाचा अमात्य (मंत्री) अयम याचा वर्ष ४६ चा लेख आहे, शिवनेरीच्या कड्यात यवन (ग्रीक) दात्यांनी दिलेल्या दानांचे उल्लेख आहेत आणि पश्चिमेला घाटमाथ्यावर, कोकणातून येणाऱ्या जुन्या व्यापारी वाटेवर, नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. भगवानलाल इंद्रजी आणि बर्जेस यांनी लेण्यांतील लेख १८८१ मध्ये प्रसिद्ध केले, १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरने लेण्यांची सविस्तर वर्णने दिली, आणि २०१८ मध्ये राज्य शासनाने जुन्नरला पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला. थोडक्यात, येथील मोठ्या स्थळांची दखल सव्वाशे वर्षांहून अधिक काळ घेतली जात आहे.

आमच्या छोट्या गटाला या यादीबाहेरचे हवे होते. गटात इतिहासाचे एक अध्यापक, पदव्युत्तर वर्गातील दोन विद्यार्थी, भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले एक भूमापक आणि प्रस्तुत लेखक अशी पाच माणसे होती. गावोगावच्या पारावरचे वीरगळ (लढताना पडलेल्या वीरांचे स्मारकदगड) आणि सतीशिळा (सती गेलेल्या स्त्रियांचे स्मारकदगड), वापरातून गेलेल्या बारवा, चौसोपी वाड्यांचे उरलेले सोपे, आणि जिला गावकरी ‘पांढर’ म्हणतात ती जुन्या वस्तीची, खापरांनी भरलेली भुरकट मातीची टेकाडे, एवढ्यांची गाववार नोंद करायची, असे ठरले होते. प्रत्येक वस्तूसाठी दोन पानांचा तक्ता केला होता. त्यात माप, दगड, शिल्पाचे वर्णन, सद्यःस्थिती आणि मालकी असे रकाने होते. ‘ही वस्तू येथे कोठून आली’ असा रकाना त्यात नव्हता. पुढचे सगळे प्रकरण या एका न छापलेल्या रकान्याभोवती फिरते.

प्रकरणातील गावाचे नाव येथे देत नाही. ते तालुक्याच्या पश्चिम भागात आहे. कुकडी प्रकल्पातील एका धरणाच्या पाण्यात त्याचे मूळ गावठाण गेले आणि गाव वरच्या अंगाला नव्याने वसले. ही गोष्ट आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होती. तिचा आमच्या कामाशी काय संबंध आहे, हे मात्र बऱ्याच उशिरा कळले.

गावाने घातलेला घाट

माघ महिन्यात आम्ही गावात पोहोचलो तेव्हा चैत्रातील यात्रेची तयारी सुरू होती. ग्रामदैवताच्या देवळाशेजारी सिमेंटचा चौथरा बांधायचा, गावभर विखुरलेले जुने दगड त्यावर एका ओळीत उभे करायचे आणि त्यांना ऑइल पेंट द्यायचा, असा ठराव ग्रामसभेत झाला होता. सरपंचांनी आम्हाला पाहताच सांगितले, “सर, तुम्ही अगदी वेळेवर आलात. कुठला दगड कुठं ठेवायचा ते तुम्हीच सांगा, गवंडी तयार आहे.”

दगड होते पंधरा. त्यांत अकरा वीरगळ, दोन सतीशिळा, एक ओळखू न येणारा तुटका तुकडा आणि सार्वजनिक नळाजवळ पालथी पडलेली एक लांबट शिळा, जिच्यावर बायका धुणे धूत असत. वीरगळ देवळामागे, पिंपळाच्या पाराला टेकून, दोन शेतांच्या बांधावर आणि शाळेच्या कुंपणाच्या कडेला होते. त्यांतील बहुतेक नेहमीच्या घडणीचे होते. खालच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर कलश व चंद्रसूर्य. एकाच्या खालच्या चौकटीत गाई कोरल्या होत्या, म्हणजे गोधन सोडवताना पडलेल्या माणसाचे ते स्मारक. एक वीरगळ चारही बाजूंनी कोरलेला होता. लग्न ठरले की नवरदेवाने पारावरच्या वीरापुढे नारळ फोडायचा, असा गावाचा रिवाज होता. त्या एका वीराला शेंदूर होता, बाकीचे उघडे होते.

अडचण अशी होती की आमच्या हातात तोवर निम्म्याच दगडांची छायाचित्रे आणि चार-पाच भरलेले तक्ते होते. यात्रेला सात आठवडे उरले होते, आणि ग्रामपंचायत थांबायला तयार नव्हती. तिने थांबावे असे सांगण्याचा अधिकारही आम्हाला नव्हता. हे दगड कोणत्याही संरक्षित यादीत नव्हते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय बाजूला राहण्याचा होता. गाव करील ते करू द्यावे आणि आपण त्याआधी घाईने छायाचित्रे काढून घ्यावीत, असे एका विद्यार्थ्याचे मत होते. पण मग रंग लागणार, हे नक्की होते, आणि दगडाच्या रंध्रांत एकदा उतरलेला तेलरंग काढताना कोरीवकामाची कड जाते.

दुसरा पर्याय राज्य पुरातत्त्व विभागाला कळवून काम थांबवण्याचा होता. १९६० च्या राज्य कायद्याखाली स्मारक संरक्षित म्हणून जाहीर करता येते, पण ती प्रक्रिया काही आठवड्यांत होण्यासारखी नाही. त्याहून मोठे कारण गावातल्या भीतीचे होते. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या आणखी २०० मीटरपर्यंत नियंत्रण, ही २०१० च्या केंद्रीय दुरुस्तीतील तरतूद लेण्यांच्या परिसरातून लोकांच्या कानावर आलेली असते, आणि ती केवळ केंद्रसंरक्षित स्मारकांना लागू आहे हे कोणी सांगत नाही. ज्याच्या बांधावर वीरगळ होता त्या शेतकऱ्याने आम्हाला पहिलाच प्रश्न विचारला होता की याने आमच्या सातबाऱ्यावर काही चढणार का. अशा वातावरणात खात्याचे नाव काढले असते, तर बांधावरचे दोन्ही दगड त्याच रात्री ओढ्यात गेले असते, असे आमच्या निवृत्त भूमापकांचे मत होते आणि ते या लोकांत आयुष्य काढलेले गृहस्थ आहेत.

तिसरा पर्याय दगड आहेत तेथेच राहू द्यावेत आणि प्रत्येकाशेजारी लहान फलक लावावा, असा होता. आज मागे पाहता तोच विचारात घेण्यासारखा होता. सरपंचांपुढे आम्ही तो मांडलाही, पण फार जोर न लावता. यात्रेला येणाऱ्या पाहुण्याला एका जागी सगळे दिसावे, ही त्यांची मागणी आम्हालाही मनातून पटत होती.

चौथा पर्याय आम्ही स्वीकारला. चौथऱ्याला संमती द्यायची आणि त्या बदल्यात तीन अटी मान्य करून घ्यायच्या. रंग नाही, तारेचा ब्रश नाही आणि दगड सिमेंटमध्ये रोवायचे नाहीत, वाळू आणि चुन्याच्या खाचेत बसवायचे, म्हणजे पुढे कधी हलवावे लागले तर फोडावे लागणार नाहीत. शेंदूर लावलेल्या वीराला मात्र हात लावायचा नाही, तो पारावरच राहील. गावाने अर्ध्या तासात सगळे मान्य केले. त्या दिवशी आम्ही स्वतःवर बरेच खूश होतो.

चौथऱ्यावर काय झाले

दहा वीरगळ आणि दोन सतीशिळा चौथऱ्यावर आल्या. आम्ही शहरात परतलो असताना गवंड्याने त्या लावल्या, आणि त्याने जे केले ते त्याच्या दृष्टीने अगदी सरळ होते. सर्वांत उंच दगड मध्ये, दोन्ही बाजूंना उतरत्या क्रमाने बाकीचे, शाळेच्या वर्गाचा फोटो काढताना मुले उभी करतात तसे. चारही बाजूंनी कोरलेला वीरगळ भिंतीला पाठ लावून उभा राहिला. त्याच्या मागच्या बाजूचे शिल्प आणि भिंत यांत वीतभर जागा उरली. गोधनाच्या लढाईचा दगड ठेंगणा, म्हणून तो कोपऱ्यात गेला.

दिसायला ती ओळ छान होती. यात्रेत लोकांनी तिच्यापुढे उभे राहून फोटो काढले. वर्तमानपत्राच्या तालुका पानावर बातमी आली.

पालथी शिळा

नळाजवळची शिळा चौथऱ्यासाठी उलटवली तेव्हा खाली गद्धेगाळ निघाला. गद्धेगाळ म्हणजे दानाचा लेख असलेली शिळा. वर चंद्रसूर्य, मध्ये लेख आणि खाली, दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी म्हणून, स्त्री आणि गाढव यांचे शिल्प. शिलाहारांच्या काळापासून पुढे काही शतके अशा शिळा दान दिलेल्या जमिनीच्या हद्दीवर उभ्या केल्या जात. ज्याला वाचता येत नाही त्यालाही समजावे म्हणून ते चित्र असते.

आमच्या शिळेवर आठ ओळी होत्या. दगड वर्षानुवर्षे पालथा असल्याने अक्षरांची कड काही ठिकाणी शाबूत होती, पण शकाचे आकडे असावेत तेथलाच पापुद्रा उडालेला. ‘स्वस्ति श्री सकु’ एवढे वाचता आले आणि पुढे अंकांची जागा कोरी. संध्याकाळी विजेरीचा झोत बाजूने टाकून आम्ही छायाचित्रे घेतली आणि त्याच वेळी एका विद्यार्थ्याने, वाचायला सोपे जावे म्हणून, अक्षरांतून खडू फिरवला. हा प्रकार महाराष्ट्रात सर्रास चालतो आणि आम्हीही केला. खडू फिरवणारा हात अक्षर वाचत नसतो, तो अक्षर ठरवत असतो. पाचव्या ओळीत आम्हाला एक गावाचे नाव दिसले असे त्या रात्री वाटले होते. खडू धुऊन काढल्यावर सकाळच्या तिरप्या उन्हात तेथे नुसती खवलेली रेघ होती. खडूसह काढलेली छायाचित्रे तोवर मोबाइलवरून तालुकाभर गेली होती, आणि त्या गावाचे लोक ‘आमच्या गावाचा लेख सापडला’ म्हणून भेटायला आले.

खालचे शिल्प पाहून गावात कुजबुज झाली. देवळापुढे हे नको, असे काहींचे म्हणणे पडले. कोणी तो भाग सिमेंटने लिंपून टाकण्याची सूचना केली. ज्या आजी इतकी वर्षे त्यावर लुगडी आपटत होत्या त्या मात्र हसल्या आणि म्हणाल्या, “उलटा होता तवर कुणाला काय नव्हतं.” शेवटी शिळेचा खालचा तिसरा भाग वाळूच्या खाचेत उतरवायचा आणि लेख तेवढा वर ठेवायचा, अशी तडजोड झाली. शिल्प झाकले गेले, पण शाबूत राहिले. सगळ्या निर्णयांत हा एक आम्हाला आजही फारसा खटकत नाही.

चूक कशी लक्षात आली

यात्रेनंतर अहवाल लिहायला बसलो. गद्धेगाळ कोणत्या जमिनीच्या दानाचा, हा पहिला प्रश्न, आणि त्याचे उत्तर शिळा कोठे उभी होती यात असते. लेखातली तीच ओळ झिजलेली असली तर दुसरा आधार उरत नाही. आम्ही ‘सार्वजनिक नळाजवळ’ असे लिहिले आणि थांबलो. नळ नव्या गावठाणातला, म्हणजे चार दशकांपलीकडे त्या जागी माळ होता. शिळा तेथे कोणीतरी आणली होती. मग वीरगळ? बांध, शाळा, पार, देऊळ, सगळेच नवे. म्हणजे जी ठिकाणे आम्ही घाईघाईत का होईना, नोंदवली होती, ती मुळात दगडांची ठिकाणे नव्हतीच. दगड आमच्या आधी एकदा उचलले गेले होते, आणि ती माहिती असलेली माणसे रोज आमच्या शेजारी पारावर बसत होती.

नाणेघाटातील लेण्याच्या एका भिंतीवर सातवाहन राजपुरुषांच्या प्रतिमा होत्या. प्रतिमा गेल्या, पावलांच्या खुणा आणि वर कोरलेली नावे उरली, म्हणून आज आपल्याला कोण कोठे उभे होते ते सांगता येते. या गावात उलटे होते. वीर उरले होते, नावे कधी कोरलीच नव्हती, आणि त्यांची ओळख सांगणारी एकच गोष्ट होती ती म्हणजे त्यांची जागा. वेशीवरचा दगड गावावर आलेल्या हल्ल्याबद्दल काही सुचवतो, घाटाच्या वाटेवरचा वाटमारीबद्दल, गायरानाकडेचा गुरे वळवून नेणाऱ्यांबद्दल. ओळीत उभे केल्यावर सगळे नुसते ‘वीर’ होतात.

मे महिन्यातले गावठाण

दोन वाटा होत्या. अहवालात ‘मूळ स्थान अज्ञात’ लिहून पुढच्या गावाला लागणे, किंवा धरणाचे पाणी उतरण्याची वाट पाहणे. आम्ही थांबलो आणि त्यामुळे पुढच्या दोन गावांचे काम त्या वर्षी राहिले.

मे महिन्याच्या अखेरीस जुने गावठाण उघडे पडले. भेगाळलेल्या गाळातून घरांची जोती, विहिरीचा कठडा आणि जुन्या देवळाचा चौथरा दिसत होता. ऐंशीच्या घरातले एक अण्णा आमच्याबरोबर आले. गाव उठले तेव्हा दगड नेणाऱ्या बैलगाड्यांतील एक त्यांची होती. ते काठीने दाखवत चालले. ही वेस, हिच्या बाहेर चार वीर एका रांगेत. हा घाटाकडे जाणारा रस्ता, वळणावर एक. गाईंचा दगड नदीपलीकडच्या गायरानाच्या तोंडाशी. गाडी तिथवर जाईना, म्हणून तो ओंडक्यांवरून घरंगळत आणला आणि त्यात त्याचा कलश फुटला, हेही त्यांनी सांगितले. आमच्या तक्त्यात त्या दगडासमोर ‘माथा प्राचीन काळी भग्न’ असे लिहिलेले होते.

दहापैकी सात वीरगळांची जागा अशी मिळाली. भूमापकांनी त्या जागा जुन्या गाव नकाशावर बसवल्या. उरलेल्या तिघांबद्दल अण्णांना आठवेना, आणि त्यांनी उगाच सांगितले नाही.

गद्धेगाळाबाबत पेच पडला. अण्णांच्या म्हणण्याप्रमाणे तो दोन ओढ्यांच्या संगमावर होता. धुणे धुणाऱ्या आजी, ज्या जुन्या गावात सून म्हणून आल्या होत्या, त्यांचे म्हणणे वेगळे होते. तो ‘देवाच्या रानाच्या’ बांधावर होता, सरपण आणताना तेथे डोक्यावरचा भारा टेकवायची रीत होती, आणि संगमावरचा दगड वेगळा, साधा. आजींना हे आम्ही मे महिन्यात विचारले. त्याआधी तीन महिने आम्ही पारावरच्या पुरुषांशीच बोलत होतो, आणि तेही सरपंचांच्या समोर.

भूमी अभिलेख कार्यालयातील जुन्या टिपणात ‘देवाचे रान’ म्हणवल्या जाणाऱ्या त्या जमिनीची नोंद देवस्थान इनाम अशी निघाली. त्यामुळे आजींच्या सांगण्याला बळ मिळते, पण निवाडा देण्याइतके नाही. ब्रिटिश काळातील इनामाची नोंद आणि यादव किंवा त्यानंतरच्या काळातील दान यांत काही शतकांचे अंतर आहे, आणि मधल्या काळात ती जमीन किती वेळा हात बदलून गेली असेल ते सांगता येत नाही. अहवालात आम्ही दोन्ही जागा लिहिल्या, सांगणारी माणसे कोण आणि त्यांचा त्या जागेशी संबंध काय हे लिहिले, आणि निवाडा दिला नाही.

निष्पत्ती

चौथरा तसाच आहे. दगड पुन्हा हलवायचे नाहीत असे गावाने आणि आम्ही मिळून ठरवले. मूळ जागा पाण्याखाली असताना हलवून न्यायचे तरी कोठे? चारही बाजूंनी कोरलेला वीरगळ मात्र भिंतीपासून दोन हात पुढे घेतला. सिमेंट नव्हते म्हणून ते काम एका सकाळी झाले. त्याच्या मागच्या बाजूला घोडेस्वार निघाला. प्रत्येक दगडाला क्रमांक देऊन जुन्या गावठाणाच्या नकाशावर त्याची जागा दाखवणारा फलक देवळात लागला, आणि नकाशाच्या प्रती ग्रामपंचायत व शाळेत दिल्या. तिघांच्या जागी ‘माहीत नाही’ असे लिहिले आहे. सरपंचांना ते आवडले नव्हते, कारण फलकावर माहीत नसलेले कशाला लिहायचे, असे त्यांचे म्हणणे.

अहवाल संबंधित कार्यालयाला पाठवला, त्याची पोच आली. रंग कोणी लावला नाही. बांधावरच्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर काही चढले नाही, हे त्याने तलाठ्याकडे जाऊन स्वतः पाहून घेतले आणि नंतर आम्हाला त्याच्या रानातली पांढर दाखवायला नेले. खडू फिरवलेले छायाचित्र अजूनही कोणाकोणाच्या मोबाइलवर येते, त्या गावाच्या नावासकट.

पुन्हा करायचे झाल्यास

चौथऱ्याला संमती देण्याचा निर्णय आम्ही कदाचित पुन्हाही तोच घेऊ. गावाचा ठराव झालेला होता, आणि अडून बसलो असतो तर ऑइल पेंट लागला असता. पण संमतीच्या अटींत आणखी एक अट हवी होती की प्रत्येक दगड उचलण्यापूर्वी तो तेथे कोणी आणला हे गावातल्या किमान दोन माणसांना विचारून लिहायचे, आणि त्यांपैकी एक बाई असावी. याला सात आठवडे पुष्कळ होते. दगडांची मापे घेण्यात आम्ही जेवढे दिवस घालवले, त्याच्या निम्म्यात हे झाले असते, आणि मापे तर आजही घेता येतात.

गवंड्याला दोष देण्यात अर्थ नाही. चौथऱ्यावरचा क्रम कागदावर काढून देणे आमचे काम होते. वेशीवरचे चार एकत्र, घाटवाटेचा वेगळा, गायरानाचा वेगळा, अशी मांडणी अण्णांना आधी विचारले असते तर त्याच खर्चात झाली असती.

पालथी शिळा यात्रेच्या गर्दीत उलटवायला नको होती. लेख निघण्याची शक्यता दिसत होती, कारण तिची घडण आणि लांबी वीरगळाची नव्हती. ठसे घेणारा जाणकार सोबत असताना, खडू खिशातच ठेवून ते काम करता आले असते.

तक्त्यात आता तो रकाना आहे. पुढच्या गावात, जे धरणात गेलेले नाही, तेथेही पहिल्याच सकाळी पारावरचा वीरगळ रस्तारुंदीकरणाच्या वेळी तीनशे पावले सरकलेला निघाला. हे सांगणाऱ्या बाई नळावर पाणी भरत होत्या. अण्णांना न आठवलेल्या तीन दगडांपैकी एकाची आठवण त्यांच्या चुलत बहिणीला असावी, असे आजींनी कळवले आहे. त्या मुंबईला मुलाकडे असतात आणि यात्रेला येतात.